पाचापैकी तीन

मी ताईंना पाचापैकी तीन गुण दिले, आणि अगदी उदार मनाने दिले. हे वाक्य उच्चारायला आमच्या घरात मला सध्या बंदी आहे, म्हणून इथे लिहून मोकळा होतो.

आमचं घराणं तपासनिसांचं. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि त्यातल्या एकालाही कधी 'उत्तम' म्हटलं नाही. 'चालेल' हा त्यांचा सर्वोच्च शेरा. माझ्या होणाऱ्या बायकोला भेटून बाहेर पडल्यावर ते 'चालेल' म्हणाले, तेव्हा माझ्या आईला आनंदाने रडू आलं होतं. मी स्वतः प्रेशर कुकरच्या कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतो. आमच्या खात्यात एखाद्या व्हॉल्व्हला पाचापैकी पाच मिळाले, तर तपासणाऱ्याला डुलकी लागली होती असं धरतात. चार मिळाले तर त्याचा आणि कारखानदाराचा काही घरोबा आहे का, याची चौकशी होते. तीन म्हणजे माल डोळे मिटून बाहेर पाठवा. मी ताईंना तीन दिले ते या अर्थाने.

ताई म्हणजे बाबांची शुश्रूषा करायला आमच्याकडे येणाऱ्या बाई. तीन महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, "पहिले सहा महिने काय ते महत्त्वाचे. त्यात उभे राहिले तर राहिले." बाबांना उभं करण्याचं काम पहिल्या आठवड्यात मी आणि बायकोने अंगावर घेतलं. मी कागदावर आकृती काढली, भार कुठे येणार ते बाणांनी दाखवलं, आणि एक-दोन-तीन म्हणायचं ठरलं. मी दोनला उचललं, बायकोने तीनला. पुढची पाच मिनिटं आम्ही तिघेही पलंगावर होतो, आणि सगळ्यात खाली मी होतो.

मग घरपोच रुग्णसेवा देणाऱ्या एका संस्थेने ताईंना पाठवलं. माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची, वजन बाबांच्या निम्मं. मी बायकोकडे पाहिलं आणि बायकोने छताकडे पाहिलं. ताईंनी आधी हात धुतले. मी सवयीने घड्याळात मोजलं, अडतीस सेकंद. नळ कोपराने बंद केला. मग त्या बाबांच्या खोलीशी गेल्या आणि उघड्या दारावर टकटक केलं. बाबांच्या दारावर आमच्यापैकी कुणी कधी टकटक केल्याचं मला आठवत नाही.

"आजोबा, मी आत येऊ का?"

उत्तर येईना. ताई उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अहो जा ना, ते बोलत नाहीत हल्ली." त्या हसल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने आतून 'हं' आलं, तेव्हा त्या आत गेल्या.

पुढे जे झालं ते मी दारातून पाहिलं. ताई बोलत होत्या. आता उजवा हात धरते हं. आता पाय खाली घेऊ या. जमीन गार आहे, सांगून ठेवते. कुठेही जोर नाही, धाप नाही, एक-दोन-तीन नाही. आणि बोलता बोलता बाबा उभे होते. माझ्या हातातला चहाचा कप तिरका होऊन सगळा चहा माझ्या पायावर सांडला, तेही मला पाय भाजल्यावर कळलं. वीस वर्षं मी दाब, भार आणि झीज यांच्यावर जगतोय. पण त्या बाईने जोर कुठे लावला हे मला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाहिलं, तिसऱ्या दिवशी वही घेऊन पाहिलं. नाही सापडलं.

अडीच महिने असे गेले आणि एक दिवस संस्थेच्या गुणवत्ता कक्षाकडून फॉर्म आला. रुग्णसेवेचा दर्जा आणि सुरक्षितता, एकूण बेचाळीस प्रश्न. लोक असले फॉर्म कसे भरतात मला ठाऊक आहे. चहा उकळेपर्यंत सगळीकडे पाच-पाच टिकमार्क करून मोकळे होतात. मी तीन संध्याकाळी बसलो. पट्टी घेतली, शिसपेन्सिलीने कच्चं केलं, मग शाईने पक्कं केलं. प्रत्येक प्रश्नाला तीन गुण आणि पुढे सविस्तर शेरा. 'हात धुण्याचा सरासरी कालावधी अडतीस सेकंद, सातत्य वाखाणण्याजोगे.' 'बोलणे सौम्य. सुधारणेस वाव सर्वांनाच असतो.' सुरक्षिततेच्या रकान्यात लिहिलं, 'अद्याप अपघात झालेला नाही.' सही केली, आणि एखाद्या माणसाचं मनापासून कौतुक केल्यावर वाटतं तसं हलकं वाटून झोपलो.

चौथ्या दिवशी कारखान्यात फोन आला. आवाज तरुण बाईचा, अतिशय नम्र.

"सर, आपल्या गंभीर तक्रारीची आम्ही दखल घेतली आहे."

"कसली तक्रार?"

"आपण सेविकेला तीन गुण दिलेत."

"हो, दिले की. चांगले तीन दिलेत."

"तीन म्हणजे गंभीर तक्रार, सर."

"मग चार म्हणजे काय?"

"चार म्हणजे नाराजी."

"आणि पाच?"

"पाच म्हणजे ठीक आहे, सर."

"मग उत्तम काम असेल तर किती द्यायचे?"

"असं आजवर कुणी विचारलं नाही, सर. आणि सुरक्षिततेपुढे आपण 'अद्याप अपघात झालेला नाही' असं लिहिलंय. त्यातल्या 'अद्याप'खाली आमच्या साहेबांनी दोन लाल रेघा मारल्यात. चौकशी पूर्ण होईपर्यंत ताईंना कामावरून थांबवलं आहे."

मी खुर्चीतून उठलो. "अहो, मला तक्रार करायचीच नव्हती. मी मागे घेतो."

"मागे घेण्यासाठी अर्ज करावा लागेल, सर. पण तसा अर्ज आला की सेविकेने घरच्यांवर दबाव आणला का, हे पाहायला घरी तपासणी होते."

"आणि अर्ज नाही केला तर?"

"तर तक्रारीची तपासणी होते, सर."

"तोवर दुसरं कुणी?"

"तक्रार चालू असलेल्या घरी नवीन सेविका पाठवता येत नाही. नियम आहे. आपल्याच सुरक्षिततेसाठी."

मला एवढंच म्हणायचंय की तो नियम मी स्वतः केला असता तर असाच केला असता. त्यामुळे भांडायलाही तोंड उरलं नाही.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. फोन तिच्या कानाला होता. तिने फक्त फोन माझ्या हातात दिला. पलीकडे ताई होत्या.

"साहेब, अकरा वर्षं झाली मला या कामात. कधी कागद आला नव्हता. माझं काय चुकलं तेवढं सांगा, मी दुरुस्त करते."

मी म्हटलं, "ताई, काही चुकलं नाही. मी तुमचं कौतुक केलं होतं."

मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. त्या 'बरं'चा आवाज मला आठवडाभर पाठीमागून ऐकू येत होता.

तपासणीला सहा दिवस होते. ते सहा दिवस बाबांची सेवा मी करायची असं बायकोने जाहीर केलं, आणि मी रजा टाकली. पहिल्या दिवशी बाबांनी माझ्या हातून तीन चमचे घेतले आणि ओठ मिटले. दुसऱ्या दिवशी एकच. ताईंच्या हातून हा माणूस वाटीभर खायचा. बायको म्हणाली, "अहो, त्यांची वही बघा की. सगळं लिहून ठेवायच्या त्या."

पलंगाजवळ एक वही असायची हे मला माहीत होतं. तिच्यात 'औषध दिले, जेवण झाले' असलं काही असेल असं समजून मी ती कधी उघडली नव्हती. म्हणजे जगातल्या सगळ्या कागदांवर मी सही करणार, आणि घरातला एकच कागद माझा वाचायचा राहिला. उघडली.

'सोमवार. पाण्याच्या टबात आजोबांनी डावी करंगळी हलवली असं वाटलं. पाणी हललं असेल म्हणून पाणी स्थिर होऊ दिलं. परत बघितलं. परत हलली. तिसऱ्यांदा नाही. दोनदा म्हणून लिहिते.'

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. आमच्या खात्यात पंधरा वर्षं काढलेली माणसंसुद्धा पाणी स्थिर होऊ देत नाहीत.

'गुरुवार. आजोबांना डावीकडचं कळत नाही. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे हेच ध्यानात येत नाही. ताटातला डावीकडचा भाग तसाच राहतो. घास उजवीकडून द्यावा. ते स्वतः सांगणार नाहीत.'

आणि त्याखाली: 'साहेब रोज कामावरून आल्यावर डावीकडच्या खुर्चीत बसून बोलतात. आजोबांना समजत नाही. सांगावं का? साहेबांना वाईट वाटेल. उद्या खुर्चीच हलवते.'

'शुक्रवार. खुर्ची उजवीकडे ठेवली. साहेबांनी परत डावीकडे नेली. उजवीकडे त्यांच्या तोंडावर ऊन येतं.'

'शनिवार. पडदा लावून खुर्ची उजवीकडे ठेवली. साहेबांनी पडदा उघडला आणि खुर्ची डावीकडे नेली. सोमवारी बघू.'

वही मी तिथेच ठेवली. अडीच महिने रोज संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसून बाबांना कारखान्यातल्या गोष्टी सांगत होतो, आणि ते उत्तर देत नाहीत म्हणून मनातून रागावत होतो. एकदा तर बायकोला म्हणालोही होतो, की आजारपणातसुद्धा यांचा ताठा गेला नाही. मी खुर्ची उचलली, उजवीकडे ठेवली आणि बसलो. तोंडावर खरंच ऊन येत होतं.

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे नीट पाहिलं. मग जड जिभेने, एकेक शब्द गोळा करून म्हणाले, "कधी... आलास?"

मी म्हटलं, "आत्ताच आलो, बाबा." त्या दिवशी त्यांनी अर्धी वाटी खाल्ली.

आता एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण तपासणी व्हायची होती, आणि तपासणी म्हटली की माझ्या अंगात येतं. त्यात आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे माहिती तयार असते, म्हणून माघारी सगळी इमारत त्यांना सर्वज्ञ म्हणते. समोर काका म्हणतात. ते वास काढत आलेच.

"तपासणीला माणूस बघत नाहीत रे, फाइल बघतात," सर्वज्ञ म्हणाले. "फाइल जाड पाहिजे. आणि भिंतीवर सूचना पाहिजेत. सूचना वाचत कुणी नाही, पण नसल्या की डोळ्यावर येतात."

मी दोन दिवसांत एकवीस सूचना छापून भिंतींना चिकटवल्या. 'सावकाश चाला.' 'ओली फरशी.' 'गरम पाणी.' फ्रिजवर 'दार बंद ठेवा' लावल्यावर बायको म्हणाली, "माझ्या कपाळावर पण लावा एखादी." फाइल मात्र खरोखर जाड झाली. तिच्यात अजून घालायला काही नव्हतं, म्हणून मी कुकरच्या व्हॉल्व्हची नियमावलीही घातली.

सर्वज्ञांचा दुसरा सल्ला बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवण्याचा होता. सल्ला योग्य होता, हे मी मान्य करतो. दांडा कुठे बसवायचा हे मात्र मी ठरवलं. प्लंबर म्हणाला, "साहेब, जरा खाली घेऊ या का? आणि इथून पाइप गेलेला असतो बहुतेक."

मी म्हटलं, "बहुतेक या शब्दावर आमच्या खात्यात काम चालत नाही."

"मग कशावर चालतं?"

"मोजमापावर." आणि मी पट्टीने मोजून पेन्सिलीची खूण केली. प्लंबरने खुणेवर ड्रिल लावलं. पाइप खुणेच्या बरोबर मध्यावर निघाला. मोजमापात अर्ध्या मिलिमीटरचीही चूक नव्हती. पाण्याची धार समोरच्या भिंतीवर 'ओली फरशी' या सूचनेवर बसली आणि ती सूचना खरी झाली. मुख्य कॉक शोधायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई उघडी छत्री डोक्यावर धरून वर आल्या. छत्री न मिटता आमच्या दिवाणखान्यात उभ्या राहिल्या, मला दिसेपर्यंत. संध्याकाळी दांडा बसला. तो माझ्या उंचीच्या हिशेबाने बसला असल्यामुळे बाबांच्या डोक्यावर हातभर होता. बायकोने त्यावर टॉवेल वाळत घातला.

तपासणीचा दिवस उजाडला. नियमाप्रमाणे ताईंनाही बोलावलं होतं. त्या तपासनीस बाईंच्या मागून आल्या, माझ्याकडे पाहून मान लववली आणि सरळ हात धुवायला गेल्या. तपासनीस बाई पन्नाशीच्या, बारीक, पाठीला सॅक, हातात छोटा टॉर्च. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती घेतली, वजन पाहिल्यासारखी वरखाली केली आणि शेजारच्या स्टुलावर ठेवली. स्टूल एका बाजूला कलंडलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'स्टूल.'

इथून पुढे दीड तास मी जे पाहिलं, त्याबद्दल मला आदराने बोललं पाहिजे. मी या धंद्यातला माणूस आहे. तपासणी म्हणजे काय हे मला कळतं असं मी समजत होतो. त्या बाई आमच्या घरात गुडघ्यांवर फिरल्या. टेबलाचे कोपरे त्यांनी तळहाताने पाहिले. बाबांच्या चपला उलट्या करून तळ नखाने घासले. औषधाच्या डब्याची झाकणं त्यांनी फक्त उजव्या हाताने उघडून पाहिली; तीन उघडली नाहीत. बाथरूममधल्या टॉवेलखाली त्यांना दांडा सापडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्या उंचीकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं.

मग त्या बाबांच्या दारावर टकटक करून, 'हं' येईपर्यंत थांबून, आत गेल्या. "आजोबा, तुम्ही जरा खुर्चीत बसता का? मला तुमच्या पलंगावर पाच मिनिटं झोपायचंय."

ताईंनी बाबांना खुर्चीत बसवलं. पुन्हा तेच, जोर कुठे लावला ते मला दिसलं नाही. आणि त्या तपासनीस बाई खरोखर बाबांच्या जागी आडव्या झाल्या, मान उजवीकडे वळवून, डावा हात अंगाखाली घेऊन. पाच मिनिटांनी त्या तशाच पडून म्हणाल्या, "इथून घड्याळ दिसत नाही. दारात कोण आलं ते दिसत नाही. खिडकीतलं झाड दिसलं असतं, पण मध्ये कपाट आहे. पंख्यावरची जळमटं तेवढी दिसतात."

तीन महिने बाबा त्या पंख्याकडे पाहत होते. मला तिथं एकदाही आडवं व्हावंसं वाटलं नव्हतं. मी पुढे होऊन म्हणालो, "कपाट आजच हलवतो," आणि तपासणीसाठी मुद्दाम आणलेल्या न घसरणाऱ्या पायपुसण्यावर पाय ठेवला.

त्या पायपुसण्याखालचं प्लास्टिक काढायचं राहिलं होतं. मी सणकून आपटलो, आणि जाता जाता 'सावकाश चाला' ही सूचना भिंतीवरून सोबत घेऊन गेलो.

पडल्यावर माणसाला पहिली इच्छा होते ती कुणी पाहिलं नसावं ही. इथे संस्थेची तपासनीस पाहत होती. मी घाईने उठायला गेलो तशा ताई शेजारी बसल्या होत्या. "उठू नका हं साहेब. आधी सांगा, कुठे दुखतंय? मान हलवा बघू. आता मी तुमच्या पाठीला हात लावते." मी म्हटलं, "मी उठतो, मला काही..." त्या म्हणाल्या, "हो, तुम्हीच उठणार आहात. मी फक्त सोबत आहे." आणि मी उठलो. खरंच सांगतो, मीच उठलो. जोर माझाच होता. ती बाई माणसाचा जोर त्याच्याच अंगात शोधून काढत होती, म्हणून मला अडीच महिने तो बाहेर सापडत नव्हता. माझे डोळे भरून आले, ते मी कंबर दुखतेय म्हणून असल्याचं दाखवलं.

तपासनीस बाई खुर्चीवर बसल्या. "ताईंच्या कामात मला एकही दोष सापडला नाही," त्या म्हणाल्या. "घरात सतरा सापडले. अठरावे आपण. अशा घरात आमच्या सेविकेचीच सुरक्षितता धोक्यात आहे, साहेब. आमचे निकष तिच्यासाठीही असतात."

बायको म्हणाली, "आम्ही सगळं बदलू."

"वस्तूंना पंधरा दिवस देते. पण एक विचारायचंय. ताईंची आठवड्याची सुट्टी असते तेव्हा आजोबांना उठवतं कोण?"

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. "त्या दिवशी ते आराम करतात," मी म्हणालो.

"म्हणजे दिवसभर पडून?" त्यांनी वही मिटली. "सहा दिवस ताई त्यांना चढवतात आणि सातव्या दिवशी तुम्ही खाली आणता. हे मला चालणार नाही. घरातल्या एका माणसाला हे आलंच पाहिजे. आज माझ्यासमोर आलं, तर ताई उद्यापासून परत येतील. नाहीतर प्रकरण समितीकडे जाईल. समिती दीड महिन्याने बसते."

सहा महिन्यांतले तीन गेले होते. दीड महिना म्हणजे उरल्यातला निम्मा. बायको पुढे झाली, पण मी म्हटलं, "नाही. मी करतो." तिने माझ्याकडे पाहिलं. आकृतीचा प्रसंग तिच्या डोळ्यांसमोर असणार.

ताईंनी बाबांना पुन्हा पलंगाच्या कडेला बसवलं होतं. मी त्यांच्या काखेत हात घालायला गेलो.

"आधी सांगा त्यांना," ताई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"काय करणार आहात ते. आणि विचारा."

मी बाबांच्या समोर उभा राहिलो. सेहेचाळीस वर्षांचा मुलगा, आणि वडिलांना काही विचारायचं म्हटल्यावर मी आधी शर्ट सारखा केला. "बाबा, मी तुम्हाला उभं करणार आहे. करू का?"

बाबांनी मला पायापासून वर पाहिलं. एखादा जुना तराजू पाहावा तसं. मग 'हं' म्हणाले.

ताई माझ्या कानाशी हळू बोलत होत्या. पाय फाकवून उभे राहा. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्यासमोर घट्ट. मी त्यांच्या कमरेला बांधलाय त्या पट्ट्याला धरा, काखेत नाही. त्यांची हनुवटी तुमच्या खांद्यावर येऊ द्या. अजून जवळ. अजून. साहेब, तुम्ही लांब उभे आहात.

मी जवळ गेलो. आमच्या घरात कुणी कुणाच्या एवढ्या जवळ जात नाही. पाया पडतानासुद्धा बाबा पाय मागे घ्यायचे. त्यांचा गाल माझ्या कानाला लागला. दाढीचे खुंट टोचले. साबणाचा वास आला, माझ्या लहानपणीही त्यांना यायचा तोच. त्यांचं हृदय चालताना मला माझ्या छातीवर कळत होतं.

"आता दोघं मिळून पुढे झुका," ताई म्हणाल्या. "उचलू नका. ते उठतील."

मी उचललं नाही. माझ्या मिठीत बाबांचं वजन आधी पुढे आलं, मग त्यांच्या पायांवर गेलं, आणि मग ते हळूहळू वर येऊ लागले. स्वतः. माझ्या हातांना ते कळत होतं. थरथरत, श्वास धरून, ऐंशी वर्षांचा माणूस उभा राहत होता आणि ते माझे वडील होते. मी आयुष्यात असं काही पाहिलेलं नाही. आम्ही उभे राहिलो.

"झालं," तपासनीस बाई म्हणाल्या. पेनाचा आवाज आला. "ताई, उद्यापासून या. साहेब, आता वळा आणि सावकाश खुर्चीत बसवा."

मला वळता येईना. माझे हात पट्ट्याला चिकटून बसले होते, आणि आपण आता हलायचं कसं हे मला एकाएकी आठवेनासं झालं. बाबांच्या उजव्या हाताने माझ्या पाठीवरचा शर्ट मुठीत घट्ट पकडला. त्यांचा ओठ माझ्या कानाशी हलला. त्यांना एकेक शब्द गोळा करायला वेळ लागला, पण शब्द स्पष्ट आले.

"घाबरू... नकोस. मी... धरलंय."

बायको तोंड फिरवून खिडकीशी गेली. ताई म्हणाल्या, "घाई नाही हं," आणि आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.